मंडळी म्हणजे कोण?

ब्लॉगवर लेखाची सुरुवात 'तर मंडळी' अशी करायची एक पद्धत पडून गेली आहे. मीही केली असती, पण माझी पंचाईत अशी, की आमच्या घरात या शब्दाला फार वेगळा अर्थ होता. जुन्या पिढीतले पुरुष बायकोचं नाव न घेता 'आमची मंडळी' म्हणायचे, तो अर्थ तुम्हाला माहीत असेलच. तोही नव्हे. 'मंडळीचा कारभार', 'मंडळीचे वडील', 'मंडळीतून काढून टाकलं' असे शब्द कानावर पडत मी मोठी झाले. नगर जिल्ह्यातल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती घरांत मंडळी म्हणजे चर्च. आणि चर्च म्हणजे इमारत नव्हे बरं का! इमारतीला आमच्याकडची म्हातारी माणसं सरळ 'देऊळ' म्हणत. 'रविवारी देवळात आला नाहीस' असं कुणी म्हटलं, की नवख्या माणसाचा गोंधळ व्हायचा.

बायबल मराठीत आणणाऱ्यांनी हा शब्द निवडला, तो मला फार आवडतो. त्यांना एखादा इंग्रजी किंवा पोर्तुगीज शब्द तसाच ठेवून देता आला असता. त्यांनी चारचौघांत वापरला जाणारा, ओसरीवरचा शब्द उचलला. पण शब्द घेणं सोपं होतं. मंडळीत कोण बसणार आणि कोण कुणाशेजारी बसणार, हा प्रश्न मात्र पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं पुरला. आज त्याबद्दलच लिहिते आहे. नात्यातली मुलं अधूनमधून विचारतात, 'आपण ख्रिस्ती कसे झालो?' आणि त्यांना उत्तर मिळतं ते एक तर शेजारच्याच्या टोमण्यातून, नाही तर प्रवचनातून. दोन्ही अपुरी.

(नगर म्हणजे अहमदनगर. 2024 साली त्याचं अहिल्यानगर झालं. पण आम्ही तेव्हाही नगरच म्हणत होतो आणि आताही तेच म्हणतो, म्हणून इथेही तेच.)

अमेरिकन मिशनरी मुंबईला आले 1813 साली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ही पहिली नावं. कंपनी सरकारला ते नको होते. बऱ्याच खटपटीनंतर त्यांना राहू दिलं. घाट चढून नगरला ठाणं उघडलं ते 1831च्या डिसेंबरात. ग्रेव्ह्ज, रीड आणि हर्वी असे तिघे, आणि त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ नावाचे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ. हर्वी तर पुढच्याच वर्षी, 1832 साली, पटकीनं गेले. बाबाजीही फार जगले नाहीत.

नगरची पहिली मंडळी 1833 साली स्थापन झाली. तिचे सुरुवातीचे सभासद कोण होते? शहरातले शास्त्री-पंडित नव्हेत, सावकार नव्हेत. मिशननं आंधळ्या-पांगळ्या निराधारांसाठी एक आश्रयस्थान चालवलं होतं, बरेचसे तिथले. त्यातही महार समाजातले अधिक. म्हणजे गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं, आणि वेशीबाहेरच्यांतही जे निरुपयोगी ठरले होते, अशांची ती मंडळी. मला हे वाचून कधी कमीपणा वाटला नाही. उलट आमच्यातली काही माणसं 'आपल्या मंडळीत पूर्वी ब्राह्मण होते' असं जरा छाती काढून सांगतात, तेव्हाच गंमत वाटते. होते, खरंच होते. हरिपंत खिस्ती आणि त्यांचे भाऊ 1839च्या सुमारास आले, रामकृष्णपंत मोडक आले, पुढे नारायण वामन टिळक आले. पण ती बोटांवर मोजण्याएवढी. ज्यांच्या संख्येवर मंडळ्या उभ्या राहिल्या ती माणसं महारवाड्यातली, आणि काही ठिकाणी मांगवाड्यातली.

आता एका कप्प्यात बसवता येणार नाही अशी गोष्ट सांगते. नगरचं मिशन 'काँग्रिगेशनल' पंथाच्या लोकांचं होतं. या पंथात बिशप नसतो. प्रत्येक मंडळी स्वतंत्र. पाळक कोण हवा, नवीन सभासद घ्यायचा की नाही, कुणी चुकलं तर त्याला काय शिक्षा, हे सगळं सभासदांनी एकत्र बसून ठरवायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, ज्या माणसाला गावच्या चावडीवर पायरीखाली उभं राहावं लागायचं, तोच माणूस रविवारी दुपारी बैठकीत हात वर करून मत द्यायचा. ग्रामपंचायतीच्या निवडणुका अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या. मला वाटतं, लोक ख्रिस्ती होऊन काय मिळवून बसले याची यादी करताना शाळा आणि दवाखाना सगळे लिहितात, ही बैठक कुणी लिहीत नाही.

अर्थात गोऱ्या साहेबाचा शब्द बैठकीत जड असायचाच. पगार त्याच्या हातून व्हायचा ना! 1854-55 साली अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. त्यांचं म्हणणं असं, की मंडळी आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे. तिनं आपला खर्च आपण करावा, आपला कारभार आपण पाहावा, आपला प्रसार आपण करावा. त्याच सुमारास हरिपंत आणि रामकृष्णपंत यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. विचार उत्तम. फक्त अडचण एकच, की सभासदांकडे पैसा नव्हता. येसकराच्या बलुत्यावर जगणारा माणूस पाळकाचा पगार कुठून देणार? मग धान्य यायचं. बाजरीच्या मापानं, ज्वारीच्या पायलीनं. माझ्या लहानपणापर्यंत आमच्याकडच्या बायका स्वयंपाकाला बसताना पिठाची नाही तर धान्याची एक मूठ बाजूच्या डब्यात टाकत, आणि तो डबा रविवारी देवळात रिकामा व्हायचा. कुणाच्या डब्यात किती, हे सगळ्या बायकांना न बघताच कळायचं!

बलुत्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करते, कारण खरी ठिणगी तिथेच पडली. महाराचं वतन म्हणजे गावचा सांगावा नेणं, वेठ, मेलेली गुरं ओढणं, आणि बदल्यात भाकरी, धान्य, थोडी जमीन. मिशनऱ्यांचा आग्रह असा, की ख्रिस्ती झालेल्यानं मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नये, गावदेवाच्या पूजेतली कामं करू नयेत, रविवारी काम करू नये. आता गावचं काम हे असं निवडून करायचं नसतं. अर्धं करणार, अर्धं नाही, तर पाटील बलुतं का देईल? शिवाय भावकी म्हणणार, तुझ्या वाटचं आम्ही का ओढायचं? त्यामुळे एका घरानं बाप्तिस्मा घेतला की भांडण आधी महारवाड्यातच पेटायचं, मग गावात. काही जण दोन्ही दगडांवर पाय ठेवून राहिले. त्यांना मंडळीत बोलणी बसत आणि बाहेरही. त्यांना दोष देणाऱ्यांच्या घरी दोन वेळचं जेवण होतं, एवढंच म्हणते. कनिष्ठ वतनं नाहीशी करणारा मुंबई सरकारचा कायदा झाला 1958 साली. म्हणजे हे सगळं शंभर वर्षं चाललं.

आणि दुष्काळ. 'तुम्ही दुष्काळात धान्यासाठी बाटलात' हे वाक्य आमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत कधी ना कधी ऐकलंय. 1876 ते 78चा मोठा दुष्काळ, मग 1896-97, मग 1899-1900, या सगळ्यांत मंडळ्या वाढल्या हे उघड सत्य आहे. ते नाकारायचं कशाला? रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. शेकडो पोरकी मुलं मिशनच्या वसतिगृहांत आली. त्यांना नुसतं खायला घालून भागणार नव्हतं, म्हणून सुतारकाम, धातुकाम, गालिचे विणणं अशी कामं शिकवली. सर दिनशा पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा नगरात होती, आणि चर्चिल नावाच्या मिशनऱ्यानं हातमाग सुधारून अधिक वेगानं चालणारा केला. दुष्काळात माणूस भाकरीच्या दिशेनं चालतो, हे नैसर्गिक आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. पाऊस पडल्यावर काय झालं? काही जण परत गेले. पण पुष्कळ राहिले. सोबत काही मिळत नसताना, बलुतं गेलं असताना, भावकीनं वाळीत टाकलं असताना राहिले. त्याचं उत्तर धान्यात सापडत नाही.

मला ते शाळेत सापडतं. मी स्वतः मास्तरीण, त्यामुळे माझं माप जरा झुकतं असेल. मिशनच्या खेडेगावच्या शाळेतला मास्तर म्हणजे काय होतं! आठवडाभर मुलांना बाराखडी, संध्याकाळी मोठ्यांना वाचन, रविवारी प्रवचन, मधल्या वेळात कोर्टाचा कागद वाचून दाखव, पोस्टाचं पत्र लिहून दे, तापासाठी मिशनच्या दवाखान्यातली पुडी आणून दे. पाटलाला तो नकोसा असायचा याचं कारण येशू नव्हता, कागद वाचून दाखवणं हे होतं. नेवासे तालुक्यात वडाळा बहिरोबा इथे फेअरबँक कुटुंबानं पिढ्यान् पिढ्या काम केलं, ते अशाच शाळांचं जाळं विणत. आणि नगर शहरात सिंथिया फरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली, आणि 1848 साली पुण्यात स्वतःची काढली. सावित्रीबाईंनाही फरार बाईंकडे अध्यापनाचं शिक्षण मिळालं. फरार बाई 1862 साली नगरातच वारल्या. मुलींना शिकवलं की काय होतं याचा हिशेब पंचवीस-तीस वर्षांत लागत नाही, त्यांना तरी कुठे लागला असेल.

'ज्ञानोदय'ही याच नगरात 1842 साली सुरू झाला. आमच्या घरी तो यायचा, आणि वाचून झाला की तीन-चार घरं फिरून परत यायचा; परत येताना हळदीचे डाग घेऊन.

आता गाण्याकडे येते. मंडळीत भांडणं किती झाली हे विसरायला होतं, पण गाणी विसरत नाही. सुरुवातीला मिशनऱ्यांनी इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवले. हेन्री बॅलन्टाइन यांनी पुष्कळ गीतं केली. त्या चाली आमच्या बायकांच्या गळ्यात गेल्या की त्यांचं जे व्हायचं ते परमेश्वरच जाणे. मग 1860च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. तेच निरूपण, तीच पदं, तेच टाळ, कथा मात्र उधळ्या पुत्राची. लोक रात्र रात्र बसत, आणि नुसते ख्रिस्तीच नव्हे.

आणि मग टिळक. 1895च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला आणि नगरला आले. नंतर बराच काळ राहुरीला होते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मध्ये राहुरी वाचलेली असेलच तुम्ही. नसेल तर हा लेख इथेच सोडून ते वाचा, मी रागावणार नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक सांगत, आणि त्यांनी भजनं लिहिली ती त्याच वळणाची. 'उपासना संगीत' उघडा, पानापानावर त्यांचं नाव. मला विचाराल तर नगरची मंडळी खऱ्या अर्थानं मराठी झाली ती या गाण्यांनी. जी बाई अक्षर वाचू शकत नव्हती तिलाही शंभर भजनं पाठ असत, आणि दळताना ओवीसारखी ती म्हणत असे. तिचा धर्म परका आहे असं तिला सांगायला कुणी गेलं असतं तर जात्याचा खुंटा हातात धरून तिनं बघतच राहिलं असतं.

लक्ष्मीबाईंचं मला टिळकांहून अधिक कौतुक आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत, पाच वर्षं झगडल्या; 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोवळं एका दिवसात सुटलं नाही आणि सुटलं असं त्या दाखवतही नाहीत. कोण कुणाच्या हातचं पाणी पितं, हाच प्रश्न होता. प्रभुभोजनाचा पेला एकच असायचा, तो ओळीनं सगळ्यांच्या ओठांना लागायचा. ज्या काळात विहीर वेगळी होती त्या काळात हा पेला म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

पण पेला एक झाला म्हणून सोयरीक एक झाली का? तर नाही. हे सांगितलं की आमच्यातली मोठी माणसं नाराज होतात. तरी सांगते. महारांतून आलेली घरं आणि मांगांतून आलेली घरं एकाच बाकावर बसत, एकाच पुस्तकातून गात, पण लग्नाचं निघालं की 'आपल्यातलं' स्थळ शोधलं जायचं. आडनावं सगळी गावचीच राहिली, साळवे, गायकवाड, पवार, शिंदे. वसईकडे जशी डिसोझा-परेरा झाली तसं इकडे झालं नाही. पुढे नाव मात्र योहान, याकोब, मार्था, नाही तर शांतवन, कृपाबाई. हळद लागायची, मांडव पडायचा, मग नवरी पांढरी साडी नेसून देवळात. आणि त्या मांडवात आडनावावरून कुळी ओळखणारी एखादी आत्या हमखास असायची. मंडळीच्या प्रवचनात जात नव्हती, स्वयंपाकघराच्या मागच्या दारात होती.

भिंती आणखीही होत्या. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन आधी आलं, मग 1870च्या दशकात इंग्लंडच्या चर्चचं एसपीजी मिशन आलं, त्यानंतर कॅथलिक. एका खेड्यात एकाच भावकीतले काही अमेरिकन, काही इंग्लिश, काही रोमन. ज्या मतभेदांसाठी सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये माणसं तुरुंगात गेली ते मतभेद राहुरी-नेवाशाच्या शेतमजुरांत वाटले गेले! बिशप असावा की नसावा, यावरून आमच्या दोन चुलत घरांत येणं-जाणं कमी झालं होतं. बिशप दोघांपैकी कुणीच पाहिला नव्हता. असो.

1924 साली काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा निरनिराळ्या परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. मी तेव्हा वीस वर्षांच्या आतबाहेर होते. मोठ्यांची चर्चा आठवते ती अशी, की आता आपल्यालाही बिशप येणार. काहींना त्याचं अप्रूप होतं. काही जुनी माणसं गप्प होती, कारण बैठकीत हात वर करायचा तो जुना अधिकार आता किती उरेल, हे त्यांना कळत नव्हतं. आज मागे वळून पाहताना मला त्या गप्प माणसांची बाजू जास्त समजते. ऐक्य झालं हे चांगलंच झालं. पण सभासदाचं मत पातळ झालं, आणि कारभार दूर गेला. कारभार दूर गेला की जमिनींचं काय होतं ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचता. मिशनच्या काळातल्या मोक्याच्या जागा, त्यांचे दावे, गटबाजी. नावं घेत नाही, प्रकरणं कोर्टात आहेत आणि दोन्ही बाजूंना माझेच नातेवाईक आहेत.

एक गोष्ट या सगळ्याच्या खाली वाहत राहिली. 1950चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना, असं त्यात होतं. 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर. महाराष्ट्रात धर्मांतरित ख्रिस्त्यांना मागासवर्गात जागा मिळाली, पण ती गोष्ट वेगळी. 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली तेव्हा ती सभा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होती म्हणा ना. अनेक पाद्र्यांना आशा वाटली होती. 1956 साली नागपूरला ते बौद्ध झाले, आणि आमच्या मूळ भावकीतली घरं त्यांच्यामागे गेली. त्यानंतर गावात चित्र असं झालं, की ज्या घरांना आम्ही शंभर वर्षं 'अजून अंधारात' म्हणत होतो त्या घरांतली मुलं ताठ मानेनं आपली जात, आपला इतिहास, आपला नेता सांगू लागली, आणि आमची मुलं जातीचा दाखला काढताना काय लिहायचं म्हणून खाली बघू लागली. यावर प्रवचन मी तरी ऐकलेलं नाही. काही कुटुंबांनी कागदावर एक आणि रविवारी दुसरं असं धोरण ठेवलं. पुन्हा तेच, दोन दगडांवर पाय. बलुत्याच्या काळातल्या त्या माणसांची नातवंडं-पणतवंडंच ही.

आता रविवारी देवळात म्हातारी माणसं जास्त दिसतात. तरुण पुण्याला, चाकणला, पिंपरीला. तिथे त्यांच्या मराठी मंडळ्या आहेत, पण बरीच मुलं नव्या, गिटार-ड्रमवाल्या प्रार्थनासभांना जातात. तिथे ना पेटी ना टिळक. मला ते गाणं रुचत नाही, पण तिथे मुलीच्या आजारपणात रात्रभर बसायला माणसं येतात असं माझी भाची सांगते, आणि ते ऐकून मी गप्प बसते. गावाकडे सुगीचा सण मात्र अजून भरतो. ऊस, कांदे, कोंबड्या, भोपळे वेदीपुढे मांडायचे आणि उपासनेनंतर बाहेर लिलाव. एका भोपळ्याचे दोन-तीन हजार होतात, कारण दोन भावांत ईर्षा लागते. पुण्याहून मुलं त्या दिवशी गाड्या घेऊन येतात. लिलाव पुकारणारा माणूस बोली चढवताना प्रत्येकाच्या आजोबांचं नाव घेतो, त्याशिवाय रंग चढत नाही.

नातलगांसाठी एक काम आहे. जुन्या मंडळ्यांच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मे, लग्नं, मरणं, आणि बैठकांची इतिवृत्तं आहेत. कुणाला का काढलं, कुणाला परत घेतलं, कुणी किती पायल्या दिल्या. कागद पिवळे पडून तुटतायत. ज्या कुणाच्या घरी आजोबा-पणजोबा पंच होते त्यांनी पेटारे उघडून बघा. मोडी अक्षर असेल तर घाबरू नका, मला थोडं वाचता येतं. पानांचे फोटो काढून पाठवा, शक्यतो दिवसाउजेडी काढलेले. फ्लॅशनं शाई दिसत नाही.